शिक्षणशास्त्राचा पहिला प्रबंध

पदवीच्या अखेरच्या वर्षाला असलेला मुलगा किंवा मुलगी ज्या घरांत आहे, त्या घरांत एक नवा शब्द वावरूं लागतो. तो शब्द म्हणजे ‘प्रबंध’. तोंवर परीक्षा म्हणजे तीन तासांत उत्तरें लिहिण्याचें काम, एवढाच ज्यांचा अनुभव, त्यांच्यापुढें एकाएकीं शंभर कोरीं पानें येऊन पडतात. प्रश्नपत्रिका कोणी काढून दिलेली नसते. प्रश्नही स्वतःच काढावयाचा आणि उत्तरही स्वतःच शोधावयाचें असतें. अशा वेळीं बहुतेकांचें पहिलें पाऊल एकाच दिशेनें पडतें. मागील वर्षीचा एखादा बांधीव प्रबंध मिळवावयाचा, त्यांत समास किती इंच सोडला आहे व प्रकरणें किती आहेत हें मोजावयाचें, आणि त्याच सांच्यांत आपला मजकूर ओतावयाचा. याच्या उलट टोकाला दुसरा एक वर्ग आहे. त्याला हे सारे नियम म्हणजे निव्वळ कारकुनी वाटतात. विचार चांगला असला म्हणजे मांडणी कशीही चालेल, असें तो मानतो. दोघेही चुकतात, आणि दोघांच्या चुकीचें मूळ एकच आहे. प्रबंधाचा हा सांगाडा कोणासाठीं आहे, हें त्यांपैकीं कोणीच विचारलेलें नसतें.

तो वाचणारासाठीं आहे. प्रबंधांत केलेलें विधान खरें कशावरून, असें विचारण्याचा वाचकाला अधिकार आहे. आणि त्या प्रश्नाचें उत्तर ठराविक जागीं सांपडावें, एवढ्याचसाठीं प्रकरणें, कोष्टकें, परिशिष्टें व संदर्भसूची यांची योजना झालेली आहे. व्यापाऱ्याच्या कीर्दींत जमेची रक्कम कोठें व खर्चाची कोठें, हें ठरलेलें असतें. म्हणूनच त्या व्यापाऱ्याला जन्मांत न पाहिलेला मनुष्यही ती वही उघडून हिशेब तपासूं शकतो. प्रबंधाची रचना ही त्याच जातीची गोष्ट आहे. लेखक समोर नसतांना त्याचें म्हणणें कोणालाही पडताळून पाहतां यावें, हा तिचा हेतु होय.

हे नियम आले कोठून, हें पाहिलें म्हणजे त्यांच्याविषयींचें भयही जातें आणि तिटकाराही जातो. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनें लेखांच्या मांडणीविषयीं पहिल्या सूचना १९२९ सालीं प्रसिद्ध केल्या, त्या अवघ्या सात पानांच्या होत्या. पुढें त्यांचें भलें मोठें पुस्तक झालें. त्याची सातवी आवृत्ति २०१९ सालीं निघाली असून शिक्षणशास्त्राचे विद्यार्थी संदर्भ देतांना बहुधा तिचाच आधार घेतात. शिकागो विद्यापीठांत केट तुराबियन या बाई प्रबंधांच्या कामाच्या चिटणीस होत्या. त्यांनीं १९३७ सालीं विद्यार्थ्यांसाठीं एक छोटी पुस्तिका तयार केली, आणि तिच्या आवृत्त्या आजही निघत आहेत. दोन ओळींमध्यें दुप्पट अंतर ठेवण्याची चाल टंकलेखन-यंत्राच्या काळांतील आहे. मार्गदर्शकाला त्या मोकळ्या जागेंत दुरुस्त्या लिहितां याव्या, हा तिचा उपयोग. डाव्या बाजूचा समास दीड इंच ठेवावयाचा तो बांधणींत अक्षरें गिळलीं जाऊं नयेत म्हणून. ज्या नियमाचें कारण एकदां कळलें, तो पाठ करावा लागत नाहीं.

आपल्याकडे शिक्षणशास्त्रांतील संशोधन दीर्घ काळपर्यंत पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुरतेंच राहिलें. मुंबई विद्यापीठानें शिक्षणशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम १९३६ सालीं सुरू केला, आणि या विषयांतील पहिली डॉक्टरेट त्याच विद्यापीठानें १९४३ सालीं दिली. बडोद्याहून एम्. बी. बुच यांनीं देशांतील शैक्षणिक संशोधनाचा आढावा १९७४ सालीं प्रसिद्ध केला, तोही मुख्यतः अशाच वरच्या पायरीवरील कामाचा होता. आतां मात्र चित्र पालटलें आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानें डिसेंबर २०२२ मध्यें पदवीच्या अभ्यासक्रमाची जी नवी चौकट जाहीर केली, तिच्याप्रमाणें चार वर्षांच्या पदवीचे १६० श्रेयांक ठरले आहेत. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळविणाऱ्यास चौथ्या वर्षीं संशोधनाची वाट घेतां येते, आणि त्या वर्षींच्या प्रबंधाला १२ श्रेयांक आहेत. शिक्षक-प्रशिक्षण घेणाऱ्यांनाही आपल्या वर्गांतील एखाद्या अडचणीवर कृतिसंशोधनाचा छोटा अहवाल लिहावा लागतो. याचा अर्थ, जें काम पूर्वीं पंचविशी ओलांडलेल्यांकडे येत असे, तें आतां वीस-एकवीस वर्षांच्या मुलामुलींच्या हातीं आलें आहे. त्यांना त्या कामाचें मर्म वेळींच कळणें अगत्याचें आहे.

त्यासाठीं एक कल्पित उदाहरण आरंभापासून अखेरपर्यंत बरोबर घेणें सोयीचें होईल. एक विद्यार्थिनी सराव-पाठांसाठीं इयत्ता चौथीच्या वर्गावर जाते, असें समजावें. मुलें मोठ्यानें वाचूं लागलीं कीं जोडाक्षरांपाशीं अडखळतात, हें तिच्या ध्यानांत येतें. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांत त्यांना भेद दिसत नाहीं; डोंगरांतल्या दऱ्यांचा समुद्र होतो. ‘चक्र’, ‘सूर्य’ आणि ‘राष्ट्र’ या तीन शब्दांत एकच ‘र’ तीन वेगळीं रूपें घेऊन येतो, हें त्यांना कोणी दाखविलेलें नसतें. विद्यार्थिनी ठरविते, प्रबंधाचा विषय हाच. आणि ती शीर्षक लिहिते : ‘प्राथमिक शाळेंतील मराठी वाचनाच्या समस्या – एक अभ्यास’.

येथेंच पहिला घोटाळा होतो. प्राथमिक शाळा म्हणजे कोणत्या इयत्ता? वाचन म्हणजे प्रकट कीं मूक? समस्या कोणत्या? एवढा विषय एका माणसाला दहा वर्षेंही पुरेल. वर्गांत जें नेमकें दिसलें होतें, तें शीर्षकांत येतांना विरघळून गेलें. तेंच शीर्षक असें करतां येईल : ‘इयत्ता चौथीच्या विद्यार्थ्यांना जोडाक्षरयुक्त शब्दांच्या प्रकट वाचनांत येणाऱ्या अडचणी व शब्दपट्ट्यांच्या सरावाचा त्यांवर होणारा परिणाम’. हें शीर्षक लांब आहे, पण तें प्रामाणिक आहे. कोणाचा अभ्यास, कशाचा अभ्यास, आणि कोणता उपाय करून पाहिला, हें तीनही त्यांत आलें. शीर्षक म्हणजे वाचकाला दिलेलें वचन होय. जेवढें पाळतां येईल तेवढेंच द्यावें.

शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांत सामान्यतः पांच प्रकरणें असतात. पहिल्या प्रकरणांत समस्या मांडावयाची असते. अनेक विद्यार्थी येथें वेदकाळापासून शिक्षणाचा इतिहास सुरू करतात आणि विसाव्या पानावर आपल्या विषयापाशीं येतात. तें टाळून वर्गांत जें दिसलें तेंच प्रथम सांगावें. त्यानंतर अभ्यासाची गरज, शीर्षकांतील शब्दांच्या कार्यात्मक व्याख्या, उद्दिष्टें, गृहीतकें, परिकल्पना आणि मर्यादा असा क्रम येतो. उद्दिष्टें तीन किंवा चार पुरेत, आणि प्रत्येकांत एकच क्रिया असावी. ‘वाचनाचा अभ्यास करणें’ हें उद्दिष्ट नव्हे, कारण तें पुरें झालें कीं नाहीं हें कोणालाच सांगतां येणार नाहीं. ‘जोडाक्षरें वाचतांना होणाऱ्या चुकांचें प्रकारवार वर्गीकरण करणें’ हें उद्दिष्ट होय. ‘सरावापूर्वींच्या व सरावानंतरच्या वाचनाची तुलना करणें’ हें दुसरें.

गृहीतक आणि परिकल्पना यांची गल्लत तर फारच वारंवार होते. जें तपासावयाचें नसून मान्य धरूनच पुढें जावयाचें आहे, तें गृहीतक : उदाहरणार्थ, चौथीच्या मुलांना जोडाक्षरांची ओळख करून दिलेली आहे. जें खरें कीं खोटें हेंच पाहावयाचें आहे, ती परिकल्पना : शब्दपट्ट्यांच्या सरावानें चुका कमी होतात. परिकल्पनेला गृहीतकाच्या जागीं बसविलें, तर जें सिद्ध करावयाचें तें आरंभींच मानून घेतल्यासारखें होतें, आणि पुढील ऐंशीं पानांना कांहीं अर्थच उरत नाहीं. मर्यादांचेही दोन प्रकार आहेत. एकाच शाळेचा अभ्यास करावयाचा, ही संशोधिकेनें स्वतः आंखलेली सीमा; तिला परिमर्यादा म्हणतात. मुलांच्या घरीं कोणती बोली बोलली जाते यावर तिचा ताबा नाहीं, ही मर्यादा. दोन्ही स्पष्ट लिहिल्यानें प्रबंधाला उणेपणा येत नाहीं. उलट वाचकाचा विश्वास वाढतो.

दुसरें प्रकरण संबंधित साहित्याच्या आढाव्याचें. हें प्रकरण पुष्कळ प्रबंधांत हजेरीपटासारखें असतें : अमक्यानें अमक्या सालीं अमका अभ्यास केला, तमक्यानें तमक्या सालीं तमका. नांवें पुकारलीं जातात, पण त्यांचें एकमेकांशीं बोलणें होत नाहीं. वस्तुतः येथें तीन गोष्टी सांगावयाच्या असतात. पूर्वींच्या अभ्यासकांचें कशाविषयीं एकमत आहे, कशाविषयीं मतभेद आहे, आणि कोणता प्रश्न कोणीच विचारलेला नाहीं. आपला प्रबंध त्या तिसऱ्या जागेंत बसतो, हें दाखवून प्रकरण संपवावें. इंग्रजी वाचनाविषयीं परदेशांत झालेले निष्कर्ष जसेच्या तसे मराठीला लावतां येत नाहींत, हेंही येथेंच बोलावें; कारण इंग्रजी लिपींत जोडाक्षर ही वस्तूच नाहीं.

तिसरें प्रकरण पद्धतीचें, आणि प्रबंधाचा खरा कणा तोच. याची कसोटी सोपी आहे. हें प्रकरण वाचून दुसऱ्या गांवच्या शिक्षकाला तोच प्रयोग पुन्हा करतां आला पाहिजे. शाळा कोणत्या प्रकारची, मुलें किती, तीं कशीं निवडलीं, चाचणींतील शब्द कोठून घेतले, सराव रोज किती मिनिटें व किती दिवस चालला, चूक कशाला म्हणावयाचें हें कसें ठरविलें, या सर्वांचीं उत्तरें येथें हवींत. एका मुलाचें वाचन दोघांनीं स्वतंत्रपणें ऐकून गुण दिले आणि ते जुळले, तर मोजमापावर विसंबतां येतें. तसें केलें असल्यास अवश्य नमूद करावें. कृतिसंशोधनाची कल्पना कुर्ट लेविन यांनीं १९४६ सालीं मांडली, आणि न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजांतील स्टीफन कोरी यांनीं १९५३ च्या आपल्या ग्रंथानें ती शाळांपर्यंत पोंचविली. शिक्षकानें आपल्याच वर्गांतील अडचण पद्धतशीरपणें सोडवावी, हें तिचें सार. तेव्हां लहान नमुना ही लाजेची गोष्ट नाहीं. पण कृतिसंशोधनाचें नांव घ्यावयाचें आणि निष्कर्ष मात्र सबंध महाराष्ट्राविषयीं काढावयाचे, हा न्याय नव्हे.

एक बारीकसा मुद्दा येथें उल्लेखनीय आहे. आराखडा भविष्यकाळांत लिहिलेला असतो : चाचणी घेतली जाईल, मुलाखती होतील. तोच मजकूर प्रबंधांत उचलून घालतांना काळ बदलण्याचें राहून जातें, आणि परीक्षकाला असें दिसतें कीं काम झालें कीं व्हावयाचें आहे हें लेखकालाच ठाऊक नाहीं. प्रबंध झालेल्या कामाचा अहवाल आहे. त्याचें तिसरें प्रकरण भूतकाळांतच शोभतें.

चौथें प्रकरण विश्लेषणाचें व अर्थनिर्वचनाचें. प्रत्येक कोष्टकाला क्रमांक असावा व तो प्रकरणाशीं जोडलेला असावा. चौथ्या प्रकरणांतील पहिलें कोष्टक तें ४.१. कोष्टकाचें शीर्षक बहुधा त्याच्या वर देतात. आकृतीचें शीर्षक कोणी वर देतात, कोणी खालीं. आपल्या विद्यापीठाची जी रीत असेल ती धरून शेवटपर्यंत पाळावी. कोष्टकांतील आंकडे खालच्या परिच्छेदांत पुन्हा शब्दांनीं वाचून दाखविणें हें विश्लेषण नव्हे. त्या आंकड्यांत जें चटकन दिसत नाहीं, तें दाखविणें हें विश्लेषण होय. कल्पित उदाहरणांतच पाहूं गेल्यास, ४० शब्दांच्या चाचणींत वर्गाची सरासरी २० वरून २८ वर गेली, असें धरावें. ही वार्ता आनंदाची खरी. पण मुलांचे गुण एकेक करून पाहिले तर असेंही निघेल कीं बहुतेक मुलें पुष्कळ पुढें गेलीं आणि पांच मुलें होतीं तेथेंच राहिलीं. सरासरीच्या उजेडांत तीं पांच मुलें दिसत नाहींत. शिक्षणशास्त्राचा प्रबंध लिहावयाचा तो अशा पांच मुलांसाठींच. त्यांच्या चुका कोणत्या प्रकारच्या होत्या, रफाराच्या कीं पूर्ण जोडाक्षराच्या, हें जी विद्यार्थिनी शोधील, तिचें चौथें प्रकरण जिवंत होईल.

पांचव्या प्रकरणांत निष्कर्ष व शिफारशी येतात. जितकीं उद्दिष्टें, तितक्या गटांत निष्कर्ष. आणि प्रत्येक निष्कर्षाच्या मागें कोणतें कोष्टक आहे हें दाखवितां आलें पाहिजे. येथें जिभेवर ताबा ठेवावा लागतो. दोन महिन्यांत मुलें सुधारलीं, पण सराव न केलेला दुसरा वर्ग तुलनेला नव्हता, तर ती सुधारणा शब्दपट्ट्यांमुळेंच झाली असें म्हणतां येत नाहीं; मुलें दोन महिन्यांत अशींही थोडीं पुढें गेलींच असतीं. ‘सरावाच्या काळांत चुका कमी झालेल्या आढळल्या’ एवढेंच विधान तेथें टिकतें. शिफारशींचेंही तसेंच. शासनानें अधिक निधि द्यावा, पालकांनीं जागरूक असावें, या शिफारशी कोणत्याही प्रबंधाला चिकटवितां येतात; म्हणून त्या कोणत्याच प्रबंधाच्या नसतात. ‘र’ची निरनिराळीं रूपें एकाच आठवड्यांत शेजारीं शेजारीं ठेवून शिकवावींत, अशी शिफारस आपल्या पुराव्यांतून निघत असेल, तर ती एकच पुरे. आणि उपायाचा कांहींच परिणाम झाला नाहीं, असें निघालें तर? तसें निःसंकोच लिहावें. जी वाट पुढें जात नाहीं, ती दाखवून देणाराचेही पुढील प्रवाशावर उपकार असतात.

या पांच प्रकरणांच्या पुढें व मागें जीं पानें लागतात, त्यांचाही क्रम ठरलेला असतो. आरंभीं मुखपृष्ठ, विद्यार्थ्याचें प्रतिज्ञापत्र, मार्गदर्शकाचें प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, कोष्टकांची व आकृतींची यादी आणि सारांश. अखेरीस संदर्भसूची व परिशिष्टें. विद्यापीठागणिक यांत थोडा फरक असतो. यास्तव कामाला हात घालण्यापूर्वीं आपल्या विद्यापीठाचें नियमपत्रक मिळवून वाचावें. कोणत्याही सर्वसाधारण उपदेशापेक्षां त्या पत्रकाचा शब्द वरचढ. अनुक्रमणिका हातानें टंकूं नये. संगणकावर शीर्षकांना पहिली, दुसरी, तिसरी अशी पायरी नेमून दिली, कीं पृष्ठक्रमांकांसह अनुक्रमणिका तो स्वतः तयार करतो, आणि मजकूर वाढला-घटला तरी ती सुधारून देतो. हें साधें कौशल्य न शिकल्यामुळें शेवटच्या रात्रीं किती घरांत जागरणें होतात, हें त्या त्या घरच्यांनाच विचारावें.

मराठींत प्रबंध लिहिणारापुढें कांहीं खास अडचणी असतात. जुन्या पद्धतीच्या टंकांत लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला कीं निरर्थक चिन्हांचा ढीग दिसूं लागतो. म्हणून आरंभापासून युनिकोडच वापरावें. संदर्भसूचींत मराठी ग्रंथ आडनांवाच्या अकारविल्हे क्रमानें द्यावेत, आणि इंग्रजी ग्रंथांची यादी नियमपत्रकांत सांगितलें असल्यास निराळी करावी. जुन्या मराठी पुस्तकांवर पुष्कळदां शकाचें वर्ष छापलेलें असतें. त्यांत ७८ मिळविले असतां इसवी सन येतो. जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंतच्या काळासाठीं मात्र ७९ मिळवावे लागतात. पारिभाषिक शब्दांचें एकच रूप शेवटपर्यंत चालवावें. एका पानावर ‘चाचणी’, दुसऱ्यावर ‘कसोटी’ आणि तिसऱ्यावर ‘परीक्षा’ असें लिहिल्यास भाषेला शोभा येईल, पण त्या तीन वस्तु आहेत कीं एकच, हा वाचकाचा संशय फिटणार नाहीं. निबंधांत जो गुण, तो प्रबंधांत दोष ठरतो, याचें हें एक उदाहरण.

शिक्षणशास्त्राच्या प्रबंधाची आणखी एक जबाबदारी आहे, ती इतर पुष्कळ विषयांना नसते. त्याची सामग्री म्हणजे दुसऱ्यांचीं मुलें. त्यांच्या चुका, त्यांचें घर, त्यांचे गुण हें सारें प्रबंधांत येतें आणि ग्रंथालयाच्या फळीवर वर्षानुवर्षें राहतें. म्हणून मुख्याध्यापकांची व पालकांची संमति आधीं घ्यावी, मुलांनाही विचारावें, आणि लिहितांना नांवांऐवजीं क्रमांक वापरावे. परिशिष्टांत उत्तरपत्रिका जोडतांना तीवरील नांव झांकण्याचें पुष्कळांच्या ध्यानांत राहत नाहीं. चौथींत असतांना आपल्याला वाचतां येत नव्हतें, ही गोष्ट एखाद्याला पुढें कोणा प्रबंधांत छापलेली दिसावी, असें कोणत्या आईबापांना आवडेल?

राहतां राहिला उसनवारीचा प्रश्न. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनीं या बाबतींत स्पष्ट पायऱ्या घातल्या आहेत. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाहीं. त्यावर चाळीस टक्क्यांपर्यंत साम्य आढळल्यास सहा महिन्यांच्या आंत सुधारलेला प्रबंध द्यावा लागतो. चाळिसांवर साठांपर्यंत गेल्यास एक वर्ष तो सादरच करतां येत नाहीं. आणि साठांच्या वर गेल्यास नोंदणी रद्द होते. योग्य निर्देश करून घेतलेलीं अवतरणें व संदर्भसूची या मोजणींतून वगळलेलीं असतात. तथापि दहा टक्के म्हणजे चोरीची सवलत, असा त्याचा अर्थ लावणें चूक आहे. एकच परिच्छेद उचलला आणि ज्याचा त्याला श्रेय दिलें नाहीं, तर तो परिच्छेद चोरीचाच राहतो, मग यंत्रानें आंकडा कांहींही दाखवो. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेचीं साधनें घटकाभरांत प्रकरणेंच्या प्रकरणें लिहून देतात. त्यांचा वापर किती चालतो हें संस्थेच्या नियमांत पाहावें, आणि जो केला तो उघड सांगावा. पण एक गोष्ट नियमांवांचूनही कळण्यासारखी आहे. तीं साधनें कधीं कधीं अस्तित्वांतच नसलेल्या ग्रंथांचे संदर्भ बेमालूम देतात. जें पुस्तक हातांत धरलें नाहीं किंवा डोळ्यांनीं वाचलें नाहीं, त्याचें नांव आपल्या सूचींत घालणें म्हणजे खोट्या साक्षीदाराची सही घेणें होय. आणि मुलें कोठें अडखळलीं, हें तर त्या वर्गांत बसलेल्या विद्यार्थिनीखेरीज कोणीच सांगूं शकत नाहीं.

वाचण्याचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम एकच असावा, अशी समजूत असल्यामुळेंही पुष्कळ वेळ व्यर्थ जातो. पहिलें वाक्य सुचत नाहीं म्हणून महिना जातो. त्यापेक्षां तिसऱ्या प्रकरणापासून आरंभ करावा; तेथें जें केलें तें सांगावयाचें असतें, कांहीं सुचावें लागत नाहीं. काम चालू असतांनाच रोजच्या नोंदी तारीखवार ठेवल्या तर अर्धें प्रकरण आयतें तयार होतें. मग चौथें, मग पांचवें, त्यानंतर दुसरें व पहिलें पक्कें करावें, आणि सारांश सर्वांच्या अखेरीस लिहावा. संदर्भाची नोंद मात्र ज्या दिवशीं पुस्तक वाचलें त्याच दिवशीं पुरी करावी. लेखक, वर्ष, ग्रंथाचें नांव, प्रकाशक आणि पृष्ठ. परत केलेल्या पुस्तकाचें प्रकाशनवर्ष शोधण्यासाठीं पुन्हा ग्रंथालय गांठण्याचे श्रम त्यामुळें वांचतात.

बांधणीला देण्यापूर्वीं एक पडताळा पाहावा. एका कागदावर चार रकाने आंखावे : उद्दिष्ट, त्यासाठीं वापरलेलें साधन, त्यांतून निघालेलें कोष्टक, आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष. प्रत्येक उद्दिष्टासमोर चारही घरें भरलीं, तर प्रबंध उभा राहिला. एखादें घर रिकामें राहिलें, तर त्या ठिकाणीं एक तर काम राहिलें आहे, नाहीं तर उद्दिष्ट खोडावयाचें आहे. घरांतील वडीलधाऱ्या मंडळींना विषय परका असला, तरी हा चार रकान्यांचा कागद त्यांना सहज तपासतां येईल. आणि तयार प्रबंध पैसे देऊन आणण्याच्या मोहांत मूल सांपडलें असल्यास तेंही त्यांना याच कागदावरून कळेल. कारण ज्यानें काम केलेलें नाहीं, त्याला ते रकाने तोंडीं भरतां येत नाहींत.

असा प्रबंध ग्रंथालयांत गेला म्हणजे तो पडून राहीलच असें नाहीं. चौथीच्या दुसऱ्या एखाद्या वर्गावर नव्यानें रुजू झालेल्या शिक्षिकेला तीच अडचण येईल. ती अनुक्रमणिका पाहील, तिसऱ्या प्रकरणांतून शब्दपट्ट्या कशा केल्या हें उतरून घेईल, चौथ्यांतून कोणतीं मुलें मागें राहिलीं हें समजून घेईल, आणि दुसऱ्या दिवशीं आपल्या वर्गांत त्याहून कांहीं बरें करून पाहील. लेखिकेला ती ओळखतही नसेल. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला भेद तिच्या वर्गांतील आणखी पांच मुलांना वाचतां येऊं लागला, तर समास, क्रमांक आणि सूची यांसाठीं घेतलेले सारे कष्ट सार्थकीं लागले, असें समजावें.